बांबूच्या बेटाखाली

सकाळपासून डोंगरउतारावरून मातीच्या बादल्या हातोहात खाली येत होत्या. गावातल्या बायका ती माती चाळणीवर ओतत, पाणी मारत आणि उरलेले खडे बोटांनी चाचपत. इर्मा टॉलेफसन त्यांच्यातच बसली होती. तिचा भाऊ वेंडेल विमानात एकटाच होता. व्हिएतनामच्या युद्धात ते इथे, लाओसात, कोसळलं. तेव्हा ती कॉलेजात होती. आता केस पिकले. दर उन्हाळ्यात ती मिनेसोटाहून वॉशिंग्टनला जायची आणि त्याचा फोटो घेऊन लष्करी साहेबांच्या दारात उभी राहायची. “माणूस द्या, नाहीतर हाडं द्या,” एवढंच तिचं म्हणणं. अखेर खोदायला लष्कराचं पथक निघालं आणि भांडून भांडून तीही आली.

पण आता मुक्काम हलायची वेळ आली, तरी विमानाच्या पत्र्यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत शेजारची म्हातारी बुआवान तिच्यापुढे चिकट भात सरकवत काहीतरी बोलली. दुभाष्या खामफेट मान खाली घालून जेवत राहिला.

“काय म्हणते?”

“काही नाही. वय झालंय तिचं.”

“अरे, सांग तरी!”

“म्हणते, चुकीच्या जागी खणताय. तो त्या बांबूच्या बेटाखाली असतो.”

“असतो?”

“तसंच म्हणाली.” खामफेटने नजर चुकवली. “आणि तो विचारतो म्हणे, बहीण चिडली की अजून घोड्यासारखी फुरफुरते का?”

इर्माच्या हातातला घास हातातच राहिला. असं तिला फक्त वेंडेल चिडवायचा.

ती तडक पथकाच्या कॅप्टन ऑस्ट्रँडरकडे गेली.

“मॅडम, म्हाताऱ्यांच्या गप्पांवर मी खड्डे खणत नसतो.”

इर्मा नाकाने फुरफुरली. मागे बुआवान टाळ्या पिटून हसली.

कॅप्टनने एक दुपार दिली.

ऊन उतरायच्या आत बांबूच्या मुळांखाली बुटाचा तळ सापडला. मग एक दात. कॅप्टनने टोपी काढली. इर्मा हमसून हमसून रडली, आणि कितीतरी वर्षांनी तिला हलकं वाटलं.

दुसऱ्या सकाळी पथकाचं सामान गाडीत चढत असताना ती बुआवानचा निरोप घ्यायला गेली. म्हातारी बांबूपाशीच उकिडवी बसली होती.

“तो गेला, पोरी. छान झालं,” ती म्हणाली. “पण दुसरा रात्रभर रडत होता.”

खामफेटने ते इंग्रजीत सांगितलं.

“दुसरा कोण?” इर्माने विचारलं. “विमानात वेंडेल एकटाच होता.”

इंग्रजीचा गंध नसलेली म्हातारी स्वच्छ बोलली, “क्लिफर्ड रेनो.”

ते नाव इर्माला ठाऊक होतं. क्लिफर्डची बायको डॉटी वॉशिंग्टनच्या त्याच दारात तिच्या शेजारी उभी राहायची. त्याच युद्धात तो दूर समुद्रात बुडाला, आता शोध नाही, असं डॉटीला साहेबांनी केव्हाच सांगून टाकलं होतं.

“कॅप्टन!” इर्मा ओरडली. “सामान उतरवा!”

मग ती बांबूकडे वळली.

“आम्ही आहोत इथे,” ती हळूच म्हणाली. “डॉटीला मी कळवते.”

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

बांबूच्या आत कुणीतरी हलकेच घसा साफ केला, परक्या बाईशी बोलण्याआधी एखादा संकोची माणूस करतो तसा.