पूर्वेच्या खांबांचं पीठ

शाळेच्या बारा बांबूखांबांपैकी पूर्वेच्या सहाच खांबांतून पिवळसर पीठ का गळत होतं? बांबू एकाच बेटातले (एका मुळावर वाढलेल्या झुबक्यातले), छप्पर एकच, पाऊसही एकच!

२०४८ साली गडचिरोलीतल्या कोसमटोल्यात सगळे याच कोड्यात होते. "शाळा पाडा, सिमेंटची बांधा," असं गावाचं ठरत आलं होतं. ही बांबूची शाळा बांधणारे दसरू मडावी मान खाली घालून वावरत. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला, रैनूला ते बघवेना. तिनेच वनस्पतिशास्त्रज्ञ पुष्पलता कोवे यांना बोलावून घेतलं.

कोवेताईंसोबत चिमटू नावाचा यंत्रमानव होता. तो खांबांवर सरसर चढला, प्रत्येकाचा चिमूटभर भुसा काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. पश्चिमेचा भुसा तपकिरीच राहिला. पूर्वेचा निळाकाळा झाला.

"हा स्टार्च (भातात असतो तो पिष्टमय पदार्थ)," कोवेताई म्हणाल्या. "भुंगेरे त्याच्यासाठीच बांबू पोखरतात, त्याचंच हे पीठ. रैनू, कोंब कधी फुटतात?"

"पावसाळ्यात. दिवसात वीतभर वाढतात!"

"पानं नसताना? मग त्यांना अन्न कोण देतं?"

रैनू विचारात पडली. "जुने बांबू? म्हणजे उन्हाळ्यात ते शिधा साठवतात आणि पावसाळ्यात तो संपतो..." ती थबकली. "बाबा, पूर्वेचे बांबू कधी तोडले होते?"

दसरू पूर्वेच्या खांबांकडे बघत म्हणाले, "पश्चिमेचे दिवाळीनंतर. पूर्वेचे वैशाखात. जूनच्या आत शाळा उभी करायची घाई होती. उन्हाळ्यात तोडू नको, असं वडील सांगायचे. पण का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मी ऐकलं नाही."

संध्याकाळी ग्रामसभेत ते स्वतःहून उभे राहिले. "चूक बांबूची नाही, माझी आहे."

मग सरपंच जनाबाई म्हणाल्या, "मग दसरूभाऊ, सहा खांब बदला. शाळा कशाला पाडायची?"

दिवाळी झाल्यावर दसरूंनी बेटातले तीन-चार वर्षांचे पक्के बांबूच तेवढे तोडले आणि टाकणखाराच्या (किडीला दूर ठेवणाऱ्या क्षाराच्या) पाण्यात भिजवून पूर्वेचे सहा खांब बदलले. कोवळे तसेच ठेवले. बांबू गवताच्या कुळातला. मुळं शाबूत राहिली की बेट दरवर्षी नवे कोंब देतं.

ते पाहून गावाने बांधांवर बांबू लावायचं ठरवलं. पाऊस सुरू होताच रैनूने पहिलं रोप खड्ड्यात ठेवलं.

"बाबा, पाच वर्षांनी या बांबूंचा दवाखाना बांधू या?"

दसरूंनी रोपाभोवतीची माती पायाने दाबली. "मग चाळीस तरी लावावी लागतील," ते म्हणाले आणि पुढचा खड्डा खणू लागले.