गयाबाईंचा हेल

आमच्या बोथ गावातल्या चर्चमध्ये यंदा गुड फ्रायडेला लॅटिन शोकगीत गायचं फादरनी ठरवलं आणि ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेतला संगीत शिक्षक. लॅटिनशी माझा संबंध शून्य, पण सूर तो सूर. क्रुसाखाली उभी आई मुलासाठी रडते, एवढा अर्थ फादरनी सांगितला. बिशप येणार होते, आणि मला वाहवा हवी होती.

गाण्यातल्या आईचा आवाज गयाबाईंचा, बाकीचे गाणारे साथीला. त्या वांगी पिकवून बाजारात विकतात. आसपास मयत झालं की हेल काढून रडायला लोक त्यांनाच बोलावतात. शब्द चोख पाठ केले त्यांनी, पण गाणं कोरडं ठणठणीत.

"जीव ओता ना, गयाबाई!"

"आमी नाव घेऊन रडतो, सर. नावाबिगर गळा फुटत नाही."

"मग येशूचं घ्या मनात."

"थो तं तिसऱ्या दिवशी उठला ना."

"दुसऱ्या कुणाचं घ्या."

"मेलेल्यांवर रडून झालं माह्यं. अन् जित्याचं घेत नसतात."

माझं डोकं फिरलं. "माझ्या प्रगतीचं घ्या. मी असलं काही मानत नाही."

प्रगती माझी एकुलती एक लेक, दहावीतली. गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग गायल्या. असा सूर मी जन्मात ऐकला नव्हता. मला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालनबाईंनी टरबुजाच्या फोडी आणल्या. मला दिल्या, बायकोला दिल्या. प्रगतीनं पुढे केलेला हात त्यांना दिसलाच नाही. सुनयना, माझी बायको, लेकीची वेणी घालताना डोळे पुसत होती. का विचारलं, तर म्हणाली, "काऊन, मालूम नाही."

मी घाबरलो. गयाबाईंना म्हणालो, "नाव बदला."

"लागलेला हेल बदलत नाही, सर. गाणंच नका ठेवू."

पण बिशप येणार होते. एकदाच तर गायचं, म्हटलं.

गुड फ्रायडेची दुपार. चर्च गच्च भरलेलं. गयाबाईंनी सूर लावला आणि बायका ओक्साबोक्शी रडू लागल्या. मला सहन होईना. थांबा म्हणून मी हात वर केला.

गाणाऱ्यांना वाटलं, सूर चढवायचाय.

त्यांनी चढवला.

संपल्यावर लोक रांगेनं माझ्याकडे आले. "धीर धरा, सर." प्रगती माझा हात धरून उभी होती.

"बाबा, हे लोकं माह्याकडं काऊन पाहून नाही राह्यले?"

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून मालनबाईंनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. सुनयनानं ताटं वाढली.

दोन.

"आई, माह्यं ताट?"

सुनयना खाली मान घालून घास गिळत राहिली.

मी माझं ताट प्रगतीपुढे सरकवलं. तेव्हापासून आम्ही बापलेक एकाच ताटात जेवतो. एवढं दुःख, अन् यांची भूक कशी वाढली, असं सुनयना मालनबाईंना सांगते.

परवापासून मात्र ताटात तिच्या बाजूची अर्धी भाकरी उरते.