दादाने मागितलेलं फ्लायव्हील

ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो वर्षभर खोटं बोलत होता. हे त्यानेच कबूल केलंय. म्हणून तर त्याच्या या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागतो.

रविवार होता. दुपारचे चार. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं. आत एकही गाडी नव्हती.

हे नीट लक्षात ठेवा... एकही गाडी नव्हती.

त्याला सगळे पान्या म्हणायचे. हातात पाना घेऊनच जन्माला आलाय, असं त्याचा थोरला भाऊ कौतुकाने सांगायचा. त्या दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. दादाचं जर्किन गॅरेजच्या खुंटीवर तसंच होतं. ते न्यायला आज वहिनी येणार होत्या.

पान्याची नजर सारखी वरच्या फळीकडे जात होती. तेलाच्या डब्यांमागे एक खोकं होतं. सीलबंद.

ते फेकायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

दादाने हौसेने टर्बोची वेगवान गाडी घेतली होती. तिचा क्लच घसरायला लागला, तेव्हा दोघे भाऊ चार दिवस कॅटलॉग चाळत बसले.

"मला ते शर्यतीचं नको रे," दादा म्हणाला. "जड फ्लायव्हील आणि मऊ क्लच बसव. तुझ्या वहिनीलाही चालवायचीय."

"मग बैलगाडीच घ्यायची होतीस."

"बैल निदान चढावर बंद पडत नाही."

दोघेही पोट धरून हसले होते.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनामागे फिरणारी लोखंडी थाळी. जड असली की इंजिन दम धरतं. हलकी असली की गाडी उसळते, पण क्लच सोडताना जरा इकडेतिकडे झालं की गचकन बंद.

पान्याने जड थाळी मागवली, पण ती त्या सीलबंद खोक्यातच ठेवून हलकी बसवली. दादाची गाडी रस्त्यावर उसळताना बघून आपल्या गॅरेजचं नाव व्हावं, एवढ्या हव्यासापायी. दादाला पत्ताही लागू दिला नाही. गाडी खडखडते म्हणून दादा विचारायला आला, तर पान्या म्हणाला, "नव्यात असतंच असं."

दादाने मान डोलावली. धाकट्यावर भरवसा होता त्याचा.

बाराव्या दिवशी गाडी चढावर बंद पडली. मागे घरंगळली. मागून ट्रक येत होता.

लोकांनी विचारलं, तेव्हा पान्या म्हणाला, "दादाचा पाय चुकला."

तीन शब्द. वर्षभर तेच.

त्या रविवारी चार वाजून दहा मिनिटं झाली असतील...

खड... खड... खड...

न्यूट्रलला उभी गाडी हलक्या फ्लायव्हीलवर अशीच खडखडते. पान्याने तो आवाज हजारांत ओळखला असता.

तो रिकाम्या रॅम्पवरून येत होता.

असा आवाज आला की कारागीर आधी एकच करतो. क्लच दाबून बघतो. दाबल्यावर थांबला, तर आवाज गिअरबॉक्सचा. सवयीने पान्याचा डावा पाय फरशीवर दाबला गेला...

आवाज थांबला.

त्याने पाय उचलला.

खड... खड... खड...

पुन्हा दाबला. शांत.

तेवढ्यात शटरखालून वाकून वहिनी आत आल्या. पान्या जागचा हलला नाही.

"भाऊजी, असे काय उभे? पायात गोळा आलाय का?"

"हो... जरा."

वहिनींनी जर्किनची घडी घातली. ते छातीशी धरून त्या पान्याकडे वळल्या.

"बावीस वर्षं गाडी चालवली हो त्यांनी. चढ काय नवा होता का? नक्की काय झालं होतं?"

पान्या म्हणाला, "वहिनी, दादाचा पाय..."

त्याचा स्वतःचा पाय घट्ट दाबलेला होता. तरीही...

खड... खड... खड...

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "ही आपली गाडी. शेवटी शेवटी ते फाटकाशी यायचे, तेव्हा हाच आवाज..."

गाडी भंगारात जाऊन दहा महिने झाले होते.

माणूस जिभेने खोटं किती दिवस रेटेल? पान्याचं अवसान गळालं. त्याने शिडी लावली, खोकं खांद्यावरून खाली आणलं, वहिनींसमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. फरशीशी बोलावं तसं, खाली मान घालून.

वहिनी रडल्या नाहीत. शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

"मुलीला मी वर्षभर सांगतेय," त्या म्हणाल्या, "बाबांचा पाय चुकला म्हणून. पोर स्टिअरिंगला हात लावत नाही. म्हणते, मीही बाबांवरच गेलेय."

"मी... मी बोलतो तिच्याशी."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. पलीकडून पुतणी म्हणाली, "काका?"

"बाळा, तुझ्या बाबांचा पाय चुकला नव्हता गं. चुकलो मी."

रिकाम्या रॅम्पवर एक गचका बसला. इंजिन बंद पडतं तसा.

मग काही नाही.

वहिनी गेल्या. जाताना "येते" म्हणाल्या नाहीत. पान्याने खोकं पुन्हा उचललं...

आणि तोल जाऊन मागे कोलमडला.

खोकं हलकं होतं. रिकाम्या पुठ्ठ्याएवढं. मघाशी त्याच खोक्याने त्याचा खांदा भरून आला होता. सील मात्र जसंच्या तसं.

त्याने ते आजतागायत उघडलेलं नाही.

पुतणी आता गाडी शिकतेय. आणि वहिनी सांगतात, संध्याकाळी कधीकधी फाटकाशी गाडी येऊन थांबल्याचा आवाज येतो. बाहेर बघावं तर कुणी नसतं. खडखड नाही, गचका नाही. अगदी शांत, मऊ... जड फ्लायव्हीलवर थांबते तशी.

"एकदा येऊन ऐका," असा त्यांचा निरोप दोनदा आला.

पान्या अजून गेलेला नाही. भीती वाटत नाही, म्हणतो. तोंड कुठलं घेऊन जाऊ, म्हणतो.