घाटातल्या गाड्या

शिवकन्या पहाटे धारूरच्या घाटात आली ती एका साध्याच कामासाठी. ऊसतोड मजुरांचे फोटो काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ती त्यांचीच लेक. उसाच्या फडात रांगलेली. पुढं तिच्या फोटोंची प्रदर्शनं दिल्लीपर्यंत गेली. आता नव्या पुस्तकाला एकच फोटो कमी होता. माणसं कारखान्यांकडं निघून गेल्यावरचा रिकामा घाट.

वळणाअलीकडं सटवा आपली चहाची टपरी उघडत होता. कॅमेरा बघून तो म्हणाला, "ताई, बैलगाड्या दिसल्या तर हात जोडून बाजूला व्हा. मधी जाऊ नका."

"बैलगाड्या? आता तर सगळे ट्रॅक्टरनंच जातात की."

"व्हय," सटवा हळूच म्हणाला, "म्हणून तर सांगतो."

हसून ती वळणावर गेली. रिकाम्या रस्त्याचे दोन-चार फोटो घेतले. झुंजुमुंजू होत होतं. दरीतून धुकं वर सरकलं आणि त्याबरोबर वास आला, उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या वाढ्याचा, बैलांच्या घामाचा. जवळपास कुठं ऊस नव्हता.

मग घुंगरं वाजली.

धुक्यातून एक गाडी आली. तिच्यामागं दुसरी. मग गाड्यांना अंतच राहिला नाही. वर पत्र्याच्या पेट्या, भांडी, गोधड्या, गुडघ्यात मान घालून बसलेली म्हातारी माणसं. चाकं फिरत होती, पण रस्त्यावर त्यांचा आवाज नव्हता. कितीतरी पिढ्या एकामागून एक चढ चढत होत्या. शिवकन्या कडेला सरकली. तरी नजर हटेना. एवढी माणसं गेली या वाटेनं... आणि परत किती आली?

सवयीनं कॅमेरा डोळ्याला लागला. तेवढ्यात एका गाडीवरची बाई वाकून कुजबुजली,

"फोटू नगं, बाई... लेकरू आत्ताच निजलंय..."

असा फोटो जन्मात एकदाच मिळतो. बोट बटणावर गेलं. पण तिनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि हात जोडले. डोळे आपोआप वाहू लागले. बाईनं पदर लेकरावर ओढला. गाडी पुढं गेली.

उन्हं आली तेव्हा रस्ता मोकळा होता.

दुपारी बीडला घरी पोचल्यावर तिनं कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. रिकाम्या घाटानंतर आणखी एक फोटो होता. उंचावरून, चालत्या गाडीतून काढावा तसा. त्यात रस्त्याच्या कडेला शिवकन्या उभी होती, हात जोडून, गाल ओले.

आणि कॅमेरा तिच्याच गळ्यात लटकत होता.