ताईच्या फोनवरचे चरे

चष्म्याच्या काचा घासून, पॉलिश करून देणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं काम करते. काचेवरचा चरा बघून तो कशाने पडला, हे मला सांगता येतं. वाळूचा चरा तुटक असतो. किल्लीचा सरळ, पण कडांना खरबरीत. शर्टाच्या टोकाने पुसलेल्या काचेवर केसासारखे बारीक चरे गोल गोल फिरतात. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं मी दुसरं काही बघितलंच नाही.

म्हणून ताईच्या फोनवर पहिला चरा दिसला, तेव्हा भीती वाटली नाही. नुसता कंटाळा आला. आता हेही निस्तरा.

ताई माझी मोठी बहीण. चार महिन्यांपूर्वी दोन दिवसांच्या आजारात गेली. आईला मी ते तीनदा सांगितलं. आईच्या लक्षात हल्ली काही राहत नाही, त्यामुळे तिन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. चौथ्यांदा तिने विचारलं, "धाकटे, ताईचा फोन कसा नाही आला गं?" तेव्हा माझा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसले, ताईच्या फोनवरून आईला फोन लावला आणि म्हणाले, "आई, मी ताई."

आमचे आवाज पहिल्यापासून सारखे. शिवाय आईच्या फोनवर ताईचा फोटो उमटायचा. बाकीचं काम तो फोटो करायचा.

तेव्हापासून रोज चार वाजता हेच. आईला सांभाळणाऱ्या बाई साडेतीनला बाहेरून कुलूप लावून निघतात आणि मला तसं कळवतात. मी साडेपाचला पोचते. मधल्या वेळात आई एकटी. त्या फोनवर तिची वीस मिनिटं बरी जायची. मी ताईसारखी हसायचे, ताईसारखी रागवायचे, मग फोन ठेवून पुन्हा मशीनवर. संध्याकाळी घरी गेलं की आई मलाच सांगायची, "ताईचा फोन आला होता. तुझ्यासारखी नाही हो ती. माझ्यासाठी वेळ असतो तिला."

"बरं झालं," मी म्हणायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे.

पहिला चरा वर होता, आवाज येतो त्या बारीक फटीजवळ. नखाएवढ्या लांबीचा. ताई स्वच्छतेची भारी भोक्ती. तिचा फोन माझ्या हातात आला तेव्हा काच कोरी होती. माझ्याच पर्समध्ये किल्ल्या लागल्या असतील, म्हणून मी फोन काचा पुसायच्या मऊ पिशवीत घालून वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी दोन चरे होते. आठवड्याने सात. सगळे त्या फटीच्या आसपास, सगळे एकाच दिशेने.

आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फटीवर चिकटपट्टी लावून मी पॉलिशची पावडर पाण्यात कालवली आणि फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या बोळ्याने काच घासत बसले. असे हलके चरे दहा मिनिटांत निघतात. मी अर्धा तास घासलं. काच आरशासारखी झाली, चरे जागच्या जागी. नख फिरवून बघितलं. नखाला काहीच लागेना.

शेजारच्या टेबलावर मास्तर असतात. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ खाली-वर केलं.

"वरच्या धुळीवर नजर बसते तेव्हा चरा पुसट दिसतो," शेवटी ते म्हणाले. "चऱ्यावर बसवली की धूळ पुसट. चरा खालच्या अंगाला आहे."

"खालून कोण घासणार, मास्तर?"

"ते मला नको विचारूस. मी काच ओळखतो, माणसं नाही." भिंग परत देताना ते म्हणाले, "सुरुवातीला खोल आहे, शेवटी उथळ. कोणीतरी ओढलाय तो. घाईत नाही. दमून."

मला त्या शब्दाचा राग आला. दमायचा मक्ता माझ्याकडे होता.

त्याच दिवशी संध्याकाळी मी काच बदलून घेतली. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फोन गरम तव्यावर ठेवला, पातळ पत्ती सरकवून काच उचलली आणि थांबला.

"मॅडम, हा आधी कुठे उघडला होता?"

"कधीच नाही."

काचेखाली, फटीच्या बाजूला, राखाडी भुकटीचा थर होता. काच घासली की पडते तशी. मी रोज हात धुताना नळाखाली बघते तीच. त्याने फुंकर मारली. भुकटी उडाली, आणि का कोण जाणे, आम्ही दोघंही एक पाऊल मागे सरलो.

नव्या काचेवर चरा पडला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मला हलकं वाटलं. झोप लागायला लागली.

आई मात्र फोनवर कमी बोलायला लागली. "हो", "बरं", "ठेवते". तरी संध्याकाळी चेहरा प्रसन्न. "दुपार कशी गेली कळलंच नाही," म्हणायची.

मग एकदा मोठं काम आलं आणि चारचा फोन राहूनच गेला. आई रडत असेल, या विचाराने मी जिने जवळजवळ धावत चढले. आई खिडकीशी शांत बसली होती. केस विंचरलेले, घट्ट वेणी घातलेली.

आईचे दोन्ही खांदे आखडलेत. हात कानाच्या वर जात नाहीत.

बाईंना फोन केला. "नाही हो मॅडम, मी निघाले तेव्हा केस मोकळेच होते. त्या हात लावू देईनात. म्हणाल्या, नंतर घालून घेईन."

आईला मी काही विचारलं नाही. विचारायचं त्राण नव्हतं. खरं म्हणजे उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बाईंनी कळवलं, कुलूप लावून निघाले.

चार वाजता मी मागच्या पायरीवर बसले. तीनदा रिंग वाजली.

"हॅलो."

"आई, मी ताई."

पलीकडून पंख्याची घरघर ऐकू आली.

"आई? अगं, मी ताई बोलतेय."

"ऐकतेय मी," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. लहानपणी मला ताप आला की ती ज्या आवाजात बोलायची, तो होता.

मग तिने तोंड फोनपासून बाजूला केलं असावं, कारण पुढचे शब्द लांबून आले.

"धाकटी आहे. रोज तुझा आवाज काढून बोलते बिचारी. फार दमलीय. आज तूच बोल तिच्याशी."

मला फोन ठेवता आला नाही.

आणि मग, पलीकडे, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.