खांबावरची बादली

डोंगरावरच्या घरांना दर गुरुवारी सामान पोचवणाऱ्या बाईला सगळे गाडीमावशी म्हणत. मीठ-तेलापासून चष्म्याच्या काडीपर्यंत काय हवं ते तिच्या गाडीत मिळे. वर फोनला रेंज नसल्यामुळे निरोपही तीच नेई-आणी. सर्वांत वरच्या घरात निवृत्त मास्तर एकटे राहत. काही हवं असलं की ते फाटकाच्या खांबावर निळी बादली उलटी घालून ठेवत. खालच्या वळणावरून ती दिसली तर मावशी शेवटचा चढ चढे, नाहीतर तिथूनच माघारी फिरे.

त्या गुरुवारी बादली होती. पण ब्रेक तापले होते, कंबर धरली होती. ‘पुढच्या खेपेला बघू,’ असं पुटपुटत मावशीने गाडी वळवली.

पुढच्या खेपेला मास्तर फाटकाशी पडलेले दिसले. पायात बूट, खिशात यादी. अंग केव्हाच थंडगार झालेलं. फोन लावायचा तर वळणापर्यंत खाली जाणं भाग होतं. त्याआधी तिने बादली खांबावरून काढली आणि नळाखाली नेऊन ठेवली.

महिन्याभराने मास्तरांची लेक घर आवरायला आली. वर जायला दुसरं वाहन नव्हतं, तेव्हा मावशीच्याच शेजारी बसून निघाली.

“मावशी, बाबांनी बादली लावली नव्हती?”

“नाही हो, ताई. लावली असती तर मी थांबले नसते का?”

लेक घरात गेली. मावशी गाडीतच बसून राहिली. भर दुपारी धुकं असं दाटलं, की समोरचं फाटकही दिसेना. गार होत जाणारं इंजिन टिकटिकत होतं. मग तेही थांबलं. कुठून तरी बामाचा वास आला, आणि मागे, सामान द्यायच्या खिडकीवर कुणीतरी बोटाने टकटक केलं.

“मीठ...” आवाज दमलेला होता.

मावशी सवयीने बोलून गेली, “आहे.”

“काडेपेटी...”

“आहे.”

“आणि... डॉक्टरांना एक निरोप...”

खिडकीपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. त्या श्वासात राग नव्हता. ते नुसतं उत्तरासाठी थांबलं होतं. तेच तिला सोसेना.

दार ढकलून ती धडपडत घरात शिरली. “ताई, बादली होती! मी पाहिली होती. नंतर मीच ती काढली...”

कागदांच्या ढिगात बसलेल्या लेकीने हातातला कागद खाली ठेवला. मग उठली. “चला. खाली सोडा मला.”

गाडीत चढल्यावर ती मधोमध सरकून बसली. गुडघे गिअरला टेकत होते, दाराकडची जागा मोकळी.

“ऐसपैस बसा ना, ताई.”

लेकीने समोरच बघत नुसती मान हलवली. तिच्या बाजूचं दार उघडंच होतं. ते लावायला मावशीने हात लांबवला, तोच ते हलकेच ओढलं गेलं.

लेक पुन्हा कधी आली नाही. मावशी मात्र दर गुरुवारी शेवटचा चढ चढते, कुणी बोलावलेलं नसतानाही. उतरताना गाडी एका बाजूला खचते. मेकॅनिकने दोनदा स्प्रिंग बदलून पाहिली. परवा तिसऱ्यांदा गाडी नेली, तेव्हा तो शेजारच्या सीटवर हात ठेवून म्हणाला, “मावशी, कुणाला उतरवून आलात? गादी गरम आहे अजून.”