सहावा स्पीकर

तो आवाज बारीक करा आधी. हां, आता बसा नीट.

माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. मेहुणा म्हणजे तुमच्या काकूचा सख्खा भाऊ. घरोघरी टीव्ही, स्पीकर जोडून द्यायचा त्याचा धंदा. भुताखेतांचा विषय निघाला की हसायचा. आता हसत नाही, उठून पाणी प्यायला जातो.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. अंधार नुकताच पडला होता. दुकान बंद करता करता त्याला एका बाईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. टीव्हीखालच्या कॉम्प्युटरवर सिनेमा लावला की आवाज फक्त पुढून येतो, मागचे स्पीकर मुके झालेत, म्हणाल्या.

"उद्या सकाळी येतो," हा म्हणाला.

"आजच या ना. रविवारी मुलगी मला न्यायला येतेय, घर बंद करून. आणि माझं अजून जायचं ठरत नाहीये."

स्पीकरचा आणि जाण्याचा काय संबंध, ते त्याला कळेना. पण बाईंचा सूर असा होता, की त्याने पिशवी उचलली.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. बैठकीच्या खोलीत टीव्ही, भोवती पाच स्पीकर आणि बरोबर मध्ये एक आरामखुर्ची. बाई काही एका जागी बसेनात. खिडकीशी जा, दाराशी ये, असं चाललेलं.

"हे सगळं ह्यांनी जुळवलेलं," त्या म्हणाल्या. "शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं ना ह्यांना. सिनेमा कानांनी बघायचे. कोण कुठल्या दारातून आत आलं, गाडी कुठल्या बाजूने गेली, हेच मला सांगायचे. मी मेली डोळे असून चुकायची. मार्चमध्ये गेले. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी काहीतरी लावून ठेवते. पण मागून आवाज बंद झाला आणि... पाठीमागे घरच नाही असं वाटायला लागलं."

बिघाड अगदीच किरकोळ निघाला. कॉम्प्युटर मध्यंतरी आपणहून अपडेट झाला होता आणि त्या भानगडीत पाच स्पीकरांचं सेटिंग जाऊन दोनांवर आलं होतं. ह्याने ते परत पाचांवर आणलं. चाचणीचा आवाज एकेका स्पीकरमधून फिरवला. पुढचे बोलले, मधला बोलला, मागचे दोन्ही बोलले. झालं काम.

तिथेच उठला असता तर बरं झालं असतं. पण हा पडला कामात चोख. सगळे स्पीकर ज्या मशीनला जोडतात, त्या ॲम्प्लिफायरबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवला, की मशीन प्रत्येक स्पीकरमधून टक् टक् आवाज सोडतं आणि कोणता स्पीकर किती लांब आहे ते स्वतःच मोजतं. ह्याने माइक आरामखुर्चीवर ठेवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर सूचना आली. खोलीत आवाज आहे, शांतता ठेवा.

ह्याने पंखा बंद केला. पुन्हा तेच. खोलीत आवाज आहे. खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं. तरी तेच. मग बाईंना हलू नका म्हणाला आणि स्वतः श्वास धरून उभा राहिला. त्याला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

माइकला येत होतं.

बाई दोन पावलं पुढे आल्या. खुर्चीकडे बघत, हळूच म्हणाल्या, "अहो... जरा गप्प बसा ना. माणूस काम करतोय."

ह्याने बटण दाबलं.

टक्. टक्. टक्. मोजणी सुरळीत पार पडली.

पडद्यावर आकडा आला. सहा स्पीकर.

मेहुण्याने मशीन फिरवून मागची बाजू पाहिली. वायरी पाचच. सहाव्याची जागा रिकामी. आणि सहाव्याचं माइकपासून अंतर... अर्धा मीटरसुद्धा नाही.

"चुकतं मशीन कधी कधी," तो म्हणाला. "अर्ध्या मीटरवर सहावा दाखवतंय. खुर्चीतच म्हणायचा. पुन्हा मोजतो."

बाई स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

टक्. टक्.

सहा.

अंतर चार मीटर.

त्याने मान वळवली. खुर्चीपासून चार मीटरवर स्वयंपाकघराचं दार. दारात बाई. एकट्याच.

"आता किती?" बाईंनी विचारलं.

"चार मीटर." त्याने त्यांच्याकडे बोट केलं.

बाईंनी शेजारी पाहिलं. संध्याकाळभर चाललेली त्यांची ती येरझार मात्र थांबली होती.

"मला वाटत होतं, मी गेले तर हे इथेच एकटे..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. टेबलावरचा फोन घेतला, मुलीला लावला. "रविवारी ये गं. हो, ठरलं. येतो आम्ही."

मेहुणा माइक खुर्चीवर तसाच ठेवून जिना उतरला.

पुढे जानेवारीत त्याला एक फोन आला. अनोळखी माणूस, मुलीच्या गावचा मेकॅनिक. बाईंनीच नंबर दिलेला. "अहो, नवीन मशीन लावतोय इथे. पाच जोडलेत, सहा दाखवतंय. काय करू?"

मेहुण्याने विचारलं, "बाई कुठे आहेत?"

"इथेच. सोफ्यावर."

"त्यांना जरा खाली जाऊन यायला सांगा. मग मोजा."

फोनमधून दार लागल्याचा आवाज आला. मग टक्... टक्...

"आता पाच," तो माणूस म्हणाला. "हे कसं काय?"

मेहुण्याने फोन ठेवून दिला.